आकडा कोडबाहेर ठेवा

आमच्या मेहरूण भागातली मंडळी मला नेहमी विचारतात, कराचा दर बदलला तर आकडाच बदलायचा ना? मग सॉफ्टवेअरवाले रात्ररात्र का जागतात?

केळीवाल्यांच्या ओळखीचा ठिबक संच घ्या. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला तेव्हा त्यावर १८ टक्के होते, जानेवारी २०१८मध्ये १२ झाले आणि २२ सप्टेंबर २०२५पासून ५. एखाद्या कंपनीची बिलं जावातल्या प्रोग्रामवर निघतात आणि त्यात कुणी १२ हा आकडा थेट लिहून ठेवलेला आहे, असं समजा. तो बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा, तपासायचा, सर्व्हरवर चढवायचा.

त्यात जावाची एक खोड आहे. 'स्टॅटिक फायनल' म्हणून लिहिलेला आकडा कंपायलर तो वापरणाऱ्या प्रत्येक क्लासमध्ये उतरवून टाकतो. मूळ फाईल तेवढी दुरुस्त केलीत, तर बाकीचे क्लास १२च धरून बसतात! पन्नास हजारांच्या संचावर शेतकऱ्याला साडेतीन हजारांचा भुर्दंड.

म्हणून असे आकडे प्रॉपर्टीज फाईलमध्ये ठेवतात. (आठवड्याचे सात दिवस मात्र खुशाल कोडमध्ये राहू द्या, ते काही बदलत नाहीत.) पण ही फाईल प्रोग्राम बहुधा सुरू होतानाच वाचतो. शिवाय ऑगस्टच्या बिलाची दुरुस्ती करायची, तर जुनाच दर हवा. त्यामुळे करासाठी मला डेटाबेसमधला तक्ता बरा वाटतो: वस्तू, दर आणि 'कधीपासून'. नवा दर २१ तारखेलाच भरून ठेवायचा. बिलाची तारीख पाहून प्रोग्राम योग्य तो उचलतो.