न्हाणी, संडास, बाथरूम : मुळशीतील नव्या घराच्या निमित्ताने

घराच्या रचनेचा विचार करताना त्या घरातील शब्दांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कोणत्या कामाला स्वतंत्र जागा हवी आणि कोणते काम दुसऱ्याच्या जागेत भागवून घ्यावयाचे, याचा निर्णय भाषेने पुष्कळदा आधीच करून ठेवलेला असतो. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात हे विशेषत्वाने दिसून येते. भूगाव, पिरंगुट, पौड या पट्ट्यात गेल्या काही दशकांत नवी घरे झपाट्याने उभी राहिली आहेत. या घरांच्या आराखड्यांवर ‘टॉयलेट’ असे लिहिलेला एक चौकोन असतो आणि त्यात स्नान, शौच व हात-तोंड धुणे ही तिन्ही कामे एका दाराआड कोंबलेली असतात. त्याच गावांतील जुन्या घरांना असा चौकोन ठाऊक नव्हता. हा केवळ सोयीचा बदल आहे, की त्यात काही गमावलेही आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्द पाहू. ‘न्हाणी’ हा शब्द संस्कृत ‘स्ना’ व प्राकृत ‘ण्हा’ या धातूंच्या परंपरेतील आहे. न्हाणी म्हणजे स्नानाची जागा. तीत दुसरे काही अभिप्रेत नाही. रोजची आंघोळ आणि डोक्यावरून न्हाणे यांत मराठी स्त्रिया आजही भेद करतात, आणि मुलीच्या प्रथम ऋतुप्राप्तीस ‘न्हाण’ म्हणतात. इतका अर्थव्यवहार या एका धातूभोवती जमला आहे. ‘मोरी’ ही निराळी. ती पाणी सांडण्याची व वाहून जाण्याची जागा, बहुधा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, कठडा घातलेली. हात-पाय धुणे, भांडी विसळणे, चूळ भरणे ही तिची कामे. लहान घरांत मोरीच न्हाणीचे काम करी हे खरे. परंतु मोरीला कोणी कधी शौचाची जागा समजले नाही.

शौचाला मात्र जागेचे नाव नव्हते, दिशेचे होते. ‘परसाकडे जाणे’, ‘बहिर्दिशेस जाणे’ हे वाक्प्रचार घराबाहेरचा मार्ग दाखवितात. खोली दाखवीत नाहीत. ‘शेतखाना’ या शब्दाची कथा याहून मनोरंजक आहे. मूळ ‘सिहतखाना’, म्हणजे आरोग्याची जागा. बोलणाऱ्याने त्यात आपले ‘शेत’ ऐकले आणि शब्द घरचा झाला. शेताकडे जाणाऱ्या समाजाला ते शेतच वाटावे, हे स्वाभाविक होते.

जुन्या घराची मांडणी या शब्दांशी जुळती होती. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर व पडवी, आणि पडवीच्या टोकाला किंवा परसात न्हाणी. तीत एक सपाट दगड, जवळ पाणी तापविण्याचे चुलवण किंवा तांब्याचा बंब आणि भिंतीच्या बुडाशी पाण्याला वाट. ते पाणी केळीच्या बुंध्याशी किंवा अळूच्या वाफ्यात जाई. सांडपाण्याची व्यवस्था म्हणून याहून सुबोध योजना सुचणे कठीण. ती साधली, कारण त्या पाण्यात मैला मिसळत नसे.

येथवरचे वर्णन वाचून जुन्या घराविषयी हळहळ वाटू लागेल. परंतु ती आवरणे बरे. न्हाणी आणि शौचाची जागा यांत दोन गोष्टी होत्या : विभागणी आणि अंतर. विभागणी शहाणपणाची होती. अंतर मात्र सोवळ्या-ओवळ्याच्या कल्पनेतून आले होते, आणि त्याचे मोल घरातील कर्त्या पुरुषाने दिले नाही. पुण्यातील वाड्यांत संडास मागील बोळाकडे असत आणि टोपल्यांतील मैला वाहून नेण्याचे काम जातीने एका समाजावर लादलेले होते. माणसाकरवी मैला उचलण्याची ती प्रथा 1993 च्या आणि पुढे 2013 च्या कायद्याने निषिद्ध ठरली. खेड्यात टोपली नव्हती, पण अंधार होता. मुळशीच्या पश्चिमेस ताम्हिणी घाटाकडे पाऊस पुणे शहराच्या कित्येक पटींनी कोसळतो. अशा आषाढातल्या रात्री परसापलीकडे जाणे म्हणजे काय, हे बाळंतिणीला आणि म्हाताऱ्या माणसाला विचारावे. ते अंतर नव्या घराने मिटविले, हे निःसंशय योग्य झाले. चूक झाली ती अंतराबरोबर विभागणीही मोडण्यात.

आणि बोलणाऱ्यांनी ती मनोमन मोडलेली नाही. ‘बाथरूम’ हा शब्द मराठीत आला तो प्रथम न्हाणीच्या अर्थाने. म्हणूनच ‘संडास-बाथरूम’ हा द्वंद्व समास रूढ झाला. दोन वस्तू वेगळ्या मानल्यावाचून द्वंद्व होत नाही. पुढे ‘बाथरूमला जाऊन येतो’ याचा अर्थ लघवीला जाणे असा झाला, कारण न्हाणीच्या मोरीत तेवढे खपत असे. परंतु शौचासाठी आजही पुष्कळ घरांत ‘संडास’ किंवा ‘टॉयलेट’ हा शब्द राखून ठेवलेला आढळतो. आराखड्यातील एका चौकोनाला वापरणारे कुटुंब दोन नावांनी ओळखते. या ठिकाणी आराखडा काढणाराने बोलणाराचे ऐकावयास हवे होते.

जागा पुरत नाही, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2005 च्या आवृत्तीत स्वतंत्र न्हाणीसाठी किमान 1.8 चौ. मी. आणि स्वतंत्र शौचालयासाठी 1.1 चौ. मी. जागा सांगितली आहे. दोन्ही एकत्र केल्यास 2.8 चौ. मी. बेरीज करून पाहिली तर वेगळे ठेवण्याचा जादा खर्च 0.1 चौ. मी. भरतो. म्हणजे बसण्याच्या पाटाएवढीही जागा नव्हे. मधली भिंत आणि एक जादा दार यांचा खर्च आहेच, पण त्या मोबदल्यात सकाळी सहा माणसांच्या घरात आजोबा संडासात असताना नात शाळेसाठी आंघोळ करू शकते. हात धुण्याचे बेसिन या दोन्ही दारांबाहेर, पडवीसारख्या मोकळ्या जागेत ठेवले की तिसऱ्याचीही सोय होते. ज्या घरात दोन संच परवडतात, तेथेही निदान एक संच असा विभागलेला असावा. निजण्याच्या खोलीला जोडलेली बाथरूम पाहुण्याला आणि घरातील मुलांना उपयोगी पडत नाही.

विभागणीचा दुसरा लाभ कोरडेपणाचा. बादली घेऊन, पाटावर किंवा स्टुलावर बसून स्नान करण्याच्या पद्धतीत सगळी जमीन भिजते. त्याच जमिनीवर रात्री उठून शौचास जाणारा वृद्ध घसरतो. संडासाची जमीन कोरडी राहिली की हे भय पुष्कळ कमी होते. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार लोटता येत नाही. उंबरठा टाळून न्हाणीची जमीन एखाद्या बोटाने खाली घ्यावी आणि उतार दारापासून दूरच्या कोपऱ्याकडे द्यावा. एक भांडे बसके आणि एक उंच असल्यास उत्तम; एकच शक्य असेल तर उंच ठेवावे आणि बाजूच्या भिंतीत धरावयाची दांडी बसवावी.

मुळशीत पावसाळी वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. न्हाणीची खिडकी त्या बाजूस ठेवल्यास चार महिने ती बंदच राहते आणि भिंतीला बुरशी धरते. पूर्वेकडे, छज्जाखाली झडप ठेवावी. उघडिपीच्या सकाळी ऊन आत येऊन फरशी वाळते. वास्तुशास्त्राच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या दिशांहून हा हिशेब अधिक भरवशाचा आहे.

उरला प्रश्न पाणी जाते कोठे, हा. मैल्याची व न्हाणीची नळी एकत्र करून शोषखड्ड्यात सोडण्याची प्रथा येथे घातक ठरते. पावसाळ्यात जमीन आधीच भिजून तुडुंब असते. खड्डा शोषत नाही, आणि बेसॉल्टच्या भेगांतून ते पाणी शेजारच्या विहिरीकडे निघते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून संडासाचा सोपा नमुना खेड्यांपुढे ठेवला होता, आणि मुळशीपासून फार दूर नसलेल्या देहू येथे डॉ. मापुस्कर यांनी संडासाला गोबरगॅसची जोड देण्याचे कार्य आयुष्यभर केले. त्यांच्यामागून येणाराला निदान दोन खड्ड्यांचा संडास कठीण वाटू नये : एक भरला की दुसरा वापरावा, आणि पहिल्यातील मैला दीड-दोन वर्षे कुजू द्यावा, मग ते निर्धोक खत होते. खड्डा विहिरीपासून दहा मीटरांहून जवळ नसावा. खडक भेगाळलेला असेल तर हे अंतर पुष्कळ वाढवावे. न्हाणीची नळी मात्र या खड्ड्यांत सोडू नये. ती पहिल्यापासून वेगळी काढून परसात न्यावी, आणि तिच्या तोंडाशी जाळी बसवून पुढे केळीची दोन रोपे लावावीत.