तारेतला उन्हाळा

जळगाव-धुळ्याकडे घराच्या वायरिंगचा खरा निकाल लागतो स्लॅब टाकण्याच्या आदल्या दिवशी. सेंट्रिंगवर सळया बांधून झालेल्या असतात. त्यांच्यामधून वायरमन पीव्हीसीचे पाइप फिरवतो, पंख्यांचे बॉक्स बसवतो, पाइपांच्या तोंडांत कागदाचे बोळे कोंबतो. काँक्रीट पडले की या वाटा कायमच्या ठरल्या. म्हणून खानदेशात त्या आखाव्यात मे महिना डोळ्यांपुढे ठेवून, कारण इथला उन्हाळा थेट तारेत शिरतो.

वायरीचे नेहमीचे पीव्हीसी आवरण 70 अंश सेल्सिअसपर्यंत सुरक्षित. वीज वाहताना तांबे तापतेच. भोवती 30 अंश असले, तर आणखी 40 अंश तापायला वाव असतो; 45 असले, तर फक्त 25. पाइपातली अडीच एमएमची जी वायर 30 अंशांना 24 अँपिअर सोसते, ती मेमध्ये सुमारे 19 वर येते. दिवसभर भाजलेल्या स्लॅबमध्ये त्याहूनही खाली! दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर ओढतो. दोन एसी एका वायरीवर टाकले, की हाताशी काहीच उरत नाही. प्रत्येक एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी, आणि शक्यतो स्वतंत्र पाइपही. शेजारच्या तारा एकमेकींना तापवतात.

गंमत म्हणजे तारेची ताकद कमी करणारे हेच ऊन साक्री तालुक्यात शिवाजीनगरच्या 125 मेगावॉटच्या सौर प्रकल्पात वीज बनवते. तिकडे भुसावळजवळ दीपनगरला विजेसाठी कोळसा जळतो. पण या दोन्ही ठिकाणचा एकही इलेक्ट्रॉन आपल्या घरी पोचत नाही. प्रवाह सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतो, आणि तारेतले इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे जागच्या जागी हलतात. दुकानातून आणलेल्या तांब्यातले इलेक्ट्रॉन घरातच राहतात. 31 डिसेंबर 2013 ला सोलापूर-रायचूर वाहिनी जोडली गेल्यापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळे वीजजाळे एकाच तालावर हलते आहे, आणि आपल्या दिवाणखान्यातल्या पंख्यातली वीजही त्याच तालावर!

घराच्या वायरिंगमध्ये मला सर्वांत थक्क करते ती आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारी पेटी. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा तिच्यातल्या एका चुंबकीय कड्यातून जातात. गेलेली वीज तेवढीच परत आली, तर दोघींचे चुंबकत्व एकमेकांना पुसून टाकते. वाटेत 30 मिलिअँपिअर गळले, तरी कड्याला ते कळते आणि निमिषात वीज तुटते. जादा प्रवाहावर पडणाऱ्या 16 अँपिअरच्या एमसीबीला ही गळती जाणवतही नाही. माणसाचे हृदय मात्र 100 मिलिअँपिअरनेही थांबू शकते. आणि आपल्याकडे घरोघरी लोखंडी कूलर, त्यात पाणी, ते भरणारी अनवाणी माणसे. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, ओल उतरते, मीठ-कोळशाचे अर्थिंगही कमजोर पडते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे, पण केवळ त्यावर विसंबू नये.

आरसीसीबीवर ‘टेस्ट’चे छोटे बटण असते. ते दाबले, की थोडी वीज मुद्दाम कड्याला बगल देऊन जाते. खरी गळती झाल्यासारखी पेटी खटकन पडते. कूलर माळ्यावरून उतरवला, की पाणी भरण्याआधी हे बटण दाबून बघा. पेटी पडली नाही, तर कूलर लावू नका. आधी वायरमनला बोलवा.