गंडोलाची रांग आणि माझे अडीच तास

हेडफोन लावलेत ना? आज बोलूया रांगेबद्दल. लोकलच्या तिकिटाची नाही हं, गुलमर्गच्या गंडोलाची.

वर्षभर पैसे साठवून मी स्कीइंगला गेलो होतो. हातात चारच दिवस. त्यातल्या एका दिवशी दोन तास खाली आणि अर्धा तास मधल्या स्टेशनवर उभा राहिलो. आता नंबर लागणार, एवढ्यात कळलं की वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद! चूक माझीच. मी आरामात चहा-पराठा खाऊन अकरा वाजता पोचलो होतो.

आधी ही रांग चालते कशी ते बघू. गंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्ग ते कोंगडोरी, दुसरा कोंगडोरी ते अफरवट. वरचं स्टेशन साधारण 3,950 मीटरवर आहे. दोन्ही टप्प्यांची तिकिटं वेगळी, म्हणजे रांगाही दोन. एका केबिनमध्ये सहा जण बसतात आणि तासाला साधारण 600 माणसं वर जातात. म्हणजे तासाला 100 केबिन, दर 36 सेकंदांना एक. तुमच्या पुढे 300 माणसं असतील, तर अर्धा तास धरा. पण चौघांचं कुटुंब दोन सीट रिकाम्या ठेवून निघतं, तेव्हा हे गणित लांबतं. म्हणून एकटे असाल तर हात वर करून विचारा, "एक जागा आहे का?" लाजू नका.

मग गर्दी कधी होते? श्रीनगर साधारण 50 किलोमीटरवर. तिथून सकाळी निघालेले पर्यटक दहा-अकराच्या सुमारास एकदम येतात. बर्फ असेल तर तनमर्गला गाडी बदला नाहीतर चाकांना साखळ्या लावा, त्यात आणखी वेळ जातो. तुम्ही गुलमर्गमध्येच मुक्काम केलात, तर ही गर्दी पोचायच्या आत वर असता.

आणि हो, पहिल्यांदाच स्की पायात घालणार असाल तर गंडोला हवाच कशाला? खालच्या सोप्या उतारांवर शिका. वरून खाली येणं नवशिक्याचं काम नाही. रात्री भरपूर बर्फ पडला असेल, तर हिमस्खलनाचा धोका तपासल्याशिवाय वरचा टप्पा उघडत नाहीत. तेव्हा चिडचिड करू नका, ती थांबवणूक आपल्याच जिवासाठी असते.

तिकीट ऑनलाइन, आधीच काढा. "साहेब, पैसे द्या, रांग नको" म्हणणारा कोणीतरी भेटेलच. माझा मित्र पाकीट काढत होता, मी हात धरला. आपण पुढे घुसलो की मागचे सगळे एकेक पाऊल मागे जातात.

रांगेत स्की खांद्यावर नको, उभ्या धरा. खांद्यावर असताना तुम्ही वळलात की मागच्याच्या डोक्यात बसतात. बुटांत बोटं हलवत राहा, पाणी प्या.

शेवटचं. त्या रांगेत माझ्या मागून एक काकू आल्या, मराठीच. म्हणाल्या, "बाळा, पुढे जाऊ दे ना. परत कधी येणार मी?" मी पटकन हो म्हणणार होतो. मग मागे पाहिलं, पन्नासेक माणसं थंडीत उभी. माझी जागा मी देऊ शकतो, त्यांची कशी देणार? म्हणून काकूंना माझ्या जागी उभं केलं आणि मी त्यांच्या जागी, मागे गेलो.

वरचा टप्पा त्या दिवशी काकूंनाही मिळाला नाही. पण कोंगडोरीला भेटल्या तेव्हा बर्फात बसून लहान मुलीसारख्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी गंडोला सुरू व्हायच्या आधीच दारात होतो. दुपारपर्यंत तीन फेऱ्या झाल्या!

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर, रांगेत राहा!