वगापासून बोलपटापर्यंत : वसंत सबनीस आणि विनोदाच्या संहितेचा प्रश्न

वसंत सबनीस (१९२३–२००२) यांना मराठी समीक्षेने बहुधा ‘लोकनाट्यकार’ म्हणून नोंदवले आणि पुढचा विचार थांबवला. ‘विच्छा माझी पुरी करा’चे (१९६५) यश दादा कोंडके यांच्या खाती जमा झाले. ते स्वाभाविकही होते. तमाशाच्या परंपरेत बतावणी नटाची असते; संहिता केवळ वाट आखून देते. मग अशा नाटकात लेखक नेमका कोठे उरतो?

याचे एक उत्तर भाषांतरातून मिळते. सबनीसांचा हा ‘छपरी पलंगाचा वग’ हिंदीत ‘सैंया भये कोतवाल’ म्हणून गेला व महाराष्ट्राबाहेरच्या नाट्यसंस्थांनी तो आपलासा केला. कोंडक्यांचे हजरजबाबी शेरे तेथे पोहोचणे शक्य नव्हते. पोहोचला तो वगाचा सांगाडा : कोतवाल मरतो, हवालदाराला मिळावयाची जागा प्रधान आपल्या बिनडोक मेव्हण्याला देतो, आणि हवालदार मैनावतीला हाताशी धरून त्याच मेव्हण्याकडून राजाचा पलंग चोरवतो. वशिल्याचे हे गणित समजण्यास मराठी यावे लागत नाही. शीर्षकातील बदलही बोलका आहे. मराठी नाव मैनावतीच्या हट्टाकडे बोट दाखवते, तर हिंदी नाव ज्या लोकोक्तीतून आले तिचा रोख सत्तेच्या जवळिकीतून येणाऱ्या निर्भयतेवर आहे. माझ्या मते हिंदी शीर्षक सबनीसांच्या उपरोधाला अधिक जवळचे आहे.

चित्रपटात परिस्थिती उलटते. ‘सोंगाड्या’त (१९७१) तमाशाच पडद्यावर आला, परंतु कॅमेऱ्यापुढे बतावणी एकदाच होते आणि कायमची गोठते. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) तर कथानकही सबनीसांचे नाही, ते ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून आले, आणि त्याचेही मूळ बंगाली. सबनीसांच्या वाट्याला आले ते संवाद. तरीही आज घरोघरी पाठ आहेत ते हे संवादच. बाईचे सोंग घेतलेल्या पुरुषाची भाषा व्याकरणाच्या लिंगावर सतत अडखळते. क्रियापदालाही लिंग असलेल्या मराठीत ही अडचण पदोपदी येते, आणि विनोद तेथेच घडतो. बंगालीत क्रियापदाला लिंग नसल्याने त्याच प्रसंगाला हास्याची वेगळी जागा शोधावी लागते. वगाचा सांगाडा भाषा ओलांडून गेला; येथे मात्र सांगाडा उसना आणि न ओलांडणारे तेवढे सबनीसांचे.