शेजारगटाची संस्था होताना

नागरा परिसरातील महिला बचत गट असो वा आपल्या वस्तीतील शेजारगट, परस्परविश्वास हेच त्याचे भांडवल. मात्र पैसा व कार्य वाढले की केवळ विश्वास पुरत नाही.

मुंबईच्या गिरणगावात प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण पुरविणाऱ्या खानावळवाल्या महिलांना संघटित केले. सावकारी पाशातून सुटण्यासाठी महिलांनी गटागटाने एकमेकींची हमी देऊन बँकेचे कर्ज घेतले. १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे राहिले.

संस्था नोंदणी अधिनियम १८६० नुसार किमान सात सभासद व लेखी नियमावली लागते. पुढे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करून दरवर्षी हिशेब ठेवावा लागतो. त्यामुळे निधी कोणा एकाचा राहत नाही आणि संस्थापकांच्या पश्चातही सेवाकार्य खंडित होत नाही.