प्राप्तिकर : वर्षाच्या आत हप्त्यांनी भरावयाची रीत

राहू बेटातील ऊस-उत्पादकास हप्त्यांचा व्यवहार नवा नाही. कारखान्यास ऊस घातल्यावर पहिली उचल मिळते व उरलेली रक्कम मागाहून येते. उसाला पाणीही पाळ्यांनीच द्यावे लागते; वर्षाचे पाणी एकाच दिवशी सोडून कोणी पीक वाढवीत नाही. प्राप्तिकराच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी अनेक शिक्षकबंधुभगिनी वर्षभर स्वस्थ असतात आणि फेब्रुवारीत एकदम जागे होतात. त्या महिन्याचे बहुतेक वेतन करात गेल्यामुळे घरखर्च उसनवारीने भागवावा लागला, असे सांगणारे शिक्षक मला शाळाभेटीत भेटले आहेत. हा प्रसंग कायद्याने ओढवलेला नसून आपल्याच दिरंगाईने ओढवलेला असतो, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

आपल्या देशात प्राप्तिकर प्रथम १८६० साली आला. ज्या वर्षी उत्पन्न मिळाले त्याच वर्षी अंदाजाने कर भरावयाचा, ही आगाऊ कराची तरतूद १९२२ च्या अधिनियमात १९४४ साली घालण्यात आली. पुढे १९६१ च्या अधिनियमाने व आता १ एप्रिल २०२६ पासून अमलात आलेल्या २०२५ च्या अधिनियमानेही ती कायम ठेवली. तिचे मर्म एवढेच की, कमाई आणि कर यांनी बरोबरीने चालावे.

ही बरोबरी दोन मार्गांनी साधते. पहिला मार्ग वेतनातून होणाऱ्या कपातीचा. वर्षाच्या अंदाजित वेतनावरील कर सरासरीने प्रत्येक वेतनातून कापावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. समजा, एखाद्या शिक्षकाचा वर्षाचा कर ६०,००० रुपये आहे. दरमहा ५,००० रुपये कापले गेले तर संसारास धक्का बसत नाही. परंतु तीच रक्कम वर्षअखेरच्या एका वेतनातून कापली की घराचे गणित कोसळते.

दुसरा मार्ग आगाऊ कराचा. ठेवींवरील व्याज, घरभाडे इत्यादी उत्पन्न वेतन काढणाऱ्या कार्यालयास आपोआप कळत नाही. मुळाशी झालेली कपात वजा जाता ज्याचा वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक उरतो, त्याने तो स्वतः पुढील हप्त्यांनी भरावयाचा असतो :

१५ जूनपर्यंत : एकूण १५ टक्के
१५ सप्टेंबरपर्यंत : एकूण ४५ टक्के
१५ डिसेंबरपर्यंत : एकूण ७५ टक्के
१५ मार्चपर्यंत : एकूण १०० टक्के

येथे ‘एकूण’ हा शब्द ध्यानात ठेवावा. सप्टेंबरचे ४५ टक्के म्हणजे जूनचे १५ टक्के धरून होणारी बेरीज होय.

आता एक उदाहरण घेऊ. २०२५-२६ च्या दरांप्रमाणे, नव्या करपद्धतीत १२,००,००० रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर पूर्ण सूट मिळून कर शून्य होतो. एका ज्येष्ठ मुख्याध्यापकांचे वेतन १२,५५,००० रुपये आहे. प्रमाणित वजावट ७५,००० रुपये जाता ११,८०,००० रुपये राहतात. म्हणून वेतनातून काहीच कापले गेले नाही व ते निश्चिंत राहिले. परंतु एका बँकेतील मुदत ठेवींवर त्यांना ६०,००० रुपये व्याज मिळाले. उत्पन्न १२,४०,००० रुपये झाले आणि सवलतीची सीमा ओलांडली गेली. सीमेजवळच्या उत्पन्नास मिळणारा दिलासा धरूनही कर ४०,००० रुपये व त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर १,६०० रुपये, असे ४१,६०० रुपये देणे निघाले. बँकेने १० टक्क्यांप्रमाणे ६,००० रुपयेच कापले होते. बाकी राहिली ३५,६०० रुपये.

ही बाकी हप्त्यांनी भरावयाची तर जूनमध्ये ५,३४०, सप्टेंबरमध्ये १०,६८०, डिसेंबरमध्ये १०,६८० व मार्चमध्ये ८,९०० रुपये द्यावे लागले असते. त्यांनी हप्ते चुकविले आणि सर्व रक्कम पुढील जुलैत भरली. हप्ते चुकल्याबद्दल, आणि एप्रिलपासून पुढे, असे दोन प्रकारचे व्याज दरमहा १ टक्क्याने लागते. पहिले १,७९६ रुपये व दुसरे १,४२४ रुपये, म्हणजे ३,२२० रुपये निष्कारण गेले.

हे टाळण्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. एप्रिलमध्येच वर्षाच्या उत्पन्नाचे अंदाजपत्रक मांडावे. जुलैची वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्त्यातील वाढ व थकबाकी त्यात धरावी.

२. आहरण व संवितरण अधिकाऱ्यांस लेखी कळवून दरमहा कपात सुरू करवून घ्यावी. व्याज-भाड्याचे उत्पन्नही त्यांना कळविता येते. त्यावरील कर वेतनातूनच कापला गेला, तर वेगळे हप्ते भरण्याचे कारण उरत नाही.

३. स्वतःच्या शेतातील उसाचे उत्पन्न करमुक्त आहे. तथापि ते निव्वळ ५,००० रुपयांहून अधिक असून इतर उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेपलीकडे गेले, तर कराचा दर ठरविताना ते जमेस धरले जाते. म्हणून त्याचीही नोंद ठेवावी.

४. अंदाज चुकला तर पुढील हप्त्यात दुरुस्ती करावी. प्रत्येक चलनाची प्रत जपून ठेवावी.

साठ वर्षे पूर्ण झालेल्या व धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीस आगाऊ कर माफ आहे. परंतु आपण निवृत्त होतो ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. निवृत्तीची रक्कम ठेवीत ठेवून व्याज घेणाऱ्या गुरुजींना व बाईंना मधली दोन वर्षे हा नियम लागू राहतो, याचा अनेकांस विसर पडतो.

शेकडेवारीचा पाठ आपण मुलांना दरवर्षी शिकवितो. तेच गणित एप्रिलच्या एखाद्या संध्याकाळी स्वतःच्या वहीत मांडले, तर फेब्रुवारीचे वेतन इतर महिन्यांप्रमाणेच घरी येईल.