खोडदची जाळी

साध्या स्टीलच्या पातेल्यात दूध तापवलं की ते तळाला लागतंच. उष्णता पसरवण्यात स्टेनलेस स्टील फार मंद, तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकंच. ज्योतीवरची जागा रसरसते आणि कडा कोमट राहतात, म्हणून भांड्याच्या बुडाला तांबं चढवावं लागतं. पण हेच भांडं मोरीत रात्रभर ओलं पडलं तरी गंजत नाही. त्यातलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर अतिसूक्ष्म साय धरतं. घासणीनं चरा पडला, तर ती साय आपोआप पुन्हा धरते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावहून खोडदकडे निघालं, की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या वावरांमधून हाच धातू आभाळाकडे तोंड करून उभा दिसतो. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटीच्या तबकड्या 30 आहेत आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. त्यांतल्या 14 खोडदजवळ दाटीनं, बाकीच्या 16 तीन दिशांना पसरलेल्या. सगळ्यांची तोंडं शेजारी शेजारी मांडली तर पावणेबारा एकर रान झाकेल.

एवढी तबकडी पत्र्याची केली असती तर वाऱ्यानं तिचं शीड झालं असतं, आणि ते पेलायला लागणाऱ्या लोखंडाचा खर्च झेपला नसता. या दुर्बिणीचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप यांनी पत्राच काढून टाकला. पोलादी नळ्यांच्या कमानींमध्ये तारेचे दोर ताणले आणि त्यांवर स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड तारेची जाळी बांधली. मधल्या भागात जाळीचं घर 10 मिलिमीटरचं, कडेला 20 मिलिमीटरचं. तबकडीचा जवळजवळ नऊ-दशांश भाग नुसती भोकं! वारा आरपार जातो, पण निदान 21 सेंटीमीटर लांबीच्या रेडिओलहरीला ती भोकं दिसतच नाहीत. तिच्या लेखी तो सलग आरसा असतो. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळी याच न्यायानं आतल्या लहरी आत ठेवते. खोडदच्या तारेला दूध तापवायचं नाही, पावसात उभं राहायचं आहे. त्यामुळे पातेल्यातला दोष इथं बिनमहत्त्वाचा. उपलब्ध धातूतून आणि परवडेल अशा वजनात जगाच्या तोडीची दुर्बीण उभी करणारी ही कल्पना मला आपल्या देशातल्या सर्वांत देखण्या अभियांत्रिकी कल्पनांपैकी एक वाटते.

ही जाळी काय पकडते? हायड्रोजनचा अणू 21 सेंटीमीटरची लहर सोडतो. विश्व प्रसरण पावतं, तशी वाटेत ती लहर ताणली जाते. 2023च्या जानेवारीत खगोलशास्त्रज्ञ अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीवरून टिपलेल्या अशा संकेताची बातमी आली. सुमारे 880 कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली ती लहर इथं पोचेपर्यंत 48 सेंटीमीटरची झाली होती. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वानं भिंगासारखी ती एकवटून ठळक केली, म्हणून ती सापडली.

इतक्या क्षीण लहरीच्या शेजारी आपलाच गोंगाट आहे. मोबाइलला रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह 1176.45 मेगाहर्ट्झवरही बोलतात, आपली ‘नाविक’ ही उपग्रहप्रणालीही तिथंच. ज्या दीर्घिकांच्या हायड्रोजनची लहर ताणून साडेपंचवीस सेंटीमीटरची झाली आहे, त्यांचा संकेत नेमका याच जागी येतो आणि बुडतो. तरीही जीएमआरटीचं घड्याळ लावायला जीपीएसच लागतो! त्या उपग्रहांवरची अणुघड्याळं रोज 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार ती चूक दुरुस्त केली नाही, तर शेताच्या बांधाचा पत्ता दिवसभरात काही किलोमीटर चुकेल.

उपग्रह गप्प करता येत नाहीत, जमीन शांत ठेवता येते. त्या शांततेची किंमत जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतली माणसं मोजतात. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा नारायणगावचा मार्ग या दुर्बिणीमुळेच नाकारला गेला. त्यावरची लोकांची नाराजी मला रास्त वाटते. दुर्बीण देशाची असेल, तर तिच्यासाठी सोसणाऱ्या तालुक्यांचं देणंही देशानंच फेडायला हवं.

काही गोंगाट मात्र दुर्बीण आणि गावकरी या दोघांचाही शत्रू आहे. विजेच्या खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर किंवा सैल जोड ठिणग्या टाकतो, आणि ती चरचर तबकडीच्या कानात शिरते. मग हातात अँटेना घेऊन खांबाखांबाशी जाऊन तो शोधावा लागतो. तो जोड घट्ट झाला की खोडदला शांतता मिळते आणि त्याच तारेवरच्या विहिरीच्या मोटारीला नीट वीज.